'प्रायव्हेट' या शब्दाची कुळकथा

'खासगीकरण' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो कोणाच्या कानाला खटकत नाही. १९९१ नंतर जन्मलेल्या पिढीला तर वीज, पाणी, शाळा, दवाखाना, रस्ता या शब्दांच्या पाठोपाठ तो येणे हे ऋतुचक्राइतके स्वाभाविक वाटते. सरकारी ते ढिसाळ आणि खासगी ते कार्यक्षम, हे समीकरण पाठ होऊन गेले आहे. या समीकरणाच्या आर्थिक बाजूची चर्चा डाव्या चळवळीत पुष्कळ झाली. परंतु 'खासगी' हे ज्या शब्दाचे मराठी रूप म्हणून आज वापरले जाते, त्या मूळ शब्दाकडे क्वचितच कोणी वळून पाहते. ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतील 'प्रायव्हेट' आणि 'डिप्राइव्ह', म्हणजे 'खासगी' आणि 'वंचित करणे', हे दोन शब्द एकाच लॅटिन मुळापासून फुटलेले आहेत. युरोपातील बहुतेक प्रमुख भाषांनी हे मूळ आपापल्या जमिनीत लावले. दोन हजार वर्षांत त्याला जे फाटे फुटले त्यांत मालकी, सत्ता आणि वंचना यांचा इतिहास साठून राहिला आहे.

व्युत्पत्ती म्हणजे युक्तिवाद नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. 'सॅलरी' हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला म्हणून आज कोणी पगार मिठात मागत नाही. शब्दाचा उगम दाखवून एखादे धोरण चुकीचे ठरत नाही. मात्र एखाद्या व्यवस्थेने आपल्या सोयीसाठी जे विसरून टाकले, ते भाषेने कधी कधी जपून ठेवलेले असते. तेवढ्यापुरती भाषेची साक्ष घेण्यास हरकत नसावी.

रोममधील मूळ अर्थ

लॅटिनमध्ये 'प्रीवुस' म्हणजे एकटा, सुटा, ज्याचा त्याचा. त्यावरून 'प्रीवारे' हे क्रियापद झाले. सुटे करणे, वेगळे काढणे आणि म्हणून हिरावून घेणे, असा त्याचा अर्थ. दुःखापासून सोडविणे या भल्या अर्थानेही ते वापरले जाई; पण कशापासून तरी तोडणे हा गाभा कायम होता. या क्रियापदापासून 'प्रीवातुस' हे विशेषण आले. रोमन नागरिकाच्या बोलण्यात 'प्रीवातुस' म्हणजे ज्याच्याकडे राज्याचे कोणतेही पद नाही असा माणूस. कॉन्सलची वर्षाची मुदत संपली की काल ज्याच्यापुढे दंडधारी चालत होते तो आज पुन्हा 'प्रीवातुस' होई. इंग्रजी सैन्यात हुद्दा नसलेल्या साध्या शिपायाला आजही 'प्रायव्हेट' म्हणतात आणि आपल्या संसदेत मंत्री नसलेल्या सदस्याच्या विधेयकाला 'प्रायव्हेट मेंबर्स बिल' म्हणतात. त्यांत हाच रोमन अर्थ जिवंत आहे.

या शब्दाच्या विरुद्ध बाजूला 'पुब्लिकुस' हा शब्द उभा होता. तो 'पोपुलुस', म्हणजे जनता, या शब्दाशी जोडलेला. जनतेची गोष्ट ती 'रेस पुब्लिका'. 'रिपब्लिक' हा शब्द तिथून आला. या जोडीतील क्रम महत्त्वाचा आहे. रोमन भाषेच्या हिशेबात सार्वजनिक ही पूर्ण रक्कम होती, आणि खासगी म्हणजे त्या रकमेतून वजा होऊन बाजूला पडलेले काहीतरी. ग्रीकांचाही कल असाच दिसतो. नगराच्या कारभारात पद नसलेला, आपल्यापुरता राहणारा माणूस म्हणजे 'इडिओटेस'. त्या शब्दाचे पुढे इंग्रजीत काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

यावरून रोम हे समतेचे नंदनवन होते असे कोणी समजू नये. तेथे विस्तीर्ण जमीनजुमले होते, गुलामांचे बाजार होते, आणि मालमत्तेचे रक्षण करणारा कायदा तर रोमनांनीच सर्वांत बारकाईने रचला. तरीही त्या कायद्याने काही गोष्टी मालकीच्या कक्षेबाहेर ठेवल्या. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने तयार झालेल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या गोष्टी निसर्गनियमाने सर्वांच्या सामाईक आहेत असे नमूद केले आहे. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मान्य केले, तेव्हा त्याने याच रोमन परंपरेचा आधार घेतला.

एकट्यापुरता कायदा

'प्रीवुस' आणि 'लेक्स', म्हणजे कायदा, यांच्या संयोगातून 'प्रीविलेगियुम' हा शब्द तयार झाला. आजचा 'प्रिव्हिलेज'. मूळ अर्थ मात्र सवलत असा नव्हता. एका विशिष्ट व्यक्तीपुरता केलेला कायदा असा होता, आणि तो बहुधा त्या व्यक्तीच्या विरुद्ध असे. असे कायदे करू नयेत, हे बंधन रोमच्या प्राचीन 'बारा पाट्यां'च्या कायद्यात असल्याचे सिसेरो सांगतो. त्याला त्याचे कारणही होते. इ. स. पूर्व ५८ मध्ये क्लोडियस या त्याच्या वैऱ्याने सिसेरोचे नाव घालून हद्दपारीचा कायदा मंजूर करवून घेतला. परत आल्यावर सिसेरोने या कायद्यावर मुख्य आक्षेप घेतला तो हाच, की हा कायदा नसून 'प्रीविलेगियुम' आहे. सर्वांना सारखा लागू होतो तोच कायदा, या तत्त्वाची ती जुनी साक्ष आहे.

मध्ययुगात चित्र पालटले. एकट्याच्या विरुद्धचा कायदा जाऊन एकट्याच्या बाजूचा कायदा आला. सरदारांना करमाफी, मठांना सनदा, व्यापारी संघांना मक्तेदारी, हे सारे 'प्रिव्हिलेज' झाले. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द केले तेव्हा मोडला गेला तो हाच अर्थ. आपल्याकडे त्याला अवघी काही दशके झाली आहेत. संस्थानिकांचे तनखे इंग्रजीत 'प्रिव्ही पर्स' या नावाने दिले जात. त्यांची मान्यता काढून घेणारा १९७० चा राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, आणि अखेर १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती करूनच तनखे आणि विशेषाधिकार संपवावे लागले. 'प्रिव्ही' आणि 'प्रिव्हिलेज' हे दोन सख्खे शब्द तेव्हा आपल्या राज्यघटनेच्या चौकटीतून एकदमच बाहेर पडले.

जुना, वैराचा अर्थ मात्र पुरता मेला नव्हता. जर्मन विद्यापीठांत 'प्रिव्हाटडोत्सेंट' नावाचा एक वर्ग असतो. हा शिक्षक व्याख्याने देण्यास पात्र, पण त्याला अध्यासन नाही. त्या काळी त्याला सरकारी वेतन नसे, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर तो गुजराण करी. पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा बनविणारा भौतिकशास्त्रज्ञ लिओ आरॉन्स हा बर्लिनमध्ये असा शिक्षक होता, आणि तो सोशल डेमॉक्रॅटिक पक्षाचा सभासद होता. त्याला काढण्यास विद्याशाखा तयार होईना. तेव्हा प्रशियाच्या सरकारने १८९८ मध्ये प्रिव्हाटडोत्सेंटांना सरकारी शिस्तीखाली आणणारा कायदा केला आणि १९०० मध्ये आरॉन्सला विद्यापीठाबाहेर काढले. तो कायदा 'लेक्स आरॉन्स' याच नावाने इतिहासात राहिला. वेतन द्यायच्या वेळी हा माणूस 'प्रायव्हेट' होता. समाजवादी म्हणून हाकलायच्या वेळी तो सरकारी झाला. सिसेरोने ज्याला 'प्रीविलेगियुम' म्हटले असते, त्याचा याहून स्वच्छ नमुना आधुनिक काळात सापडणे कठीण.

सिंहासनाच्या आतली खोली

शब्दाचा आणखी एक फाटा राजवाड्यात गेला. साम्राज्यकाळात, विशेषतः सेप्टिमियस सेव्हेरसच्या कारकिर्दीत (इ. स. १९३ ते २११), सम्राटाच्या मालमत्तेचे 'रेस प्रीवाता' नावाचे स्वतंत्र खाते आकाराला आले. पुढे ते इतके वाढले की त्याच्यावर राज्यातील एक सर्वश्रेष्ठ अधिकारी नेमावा लागला. पदापासून वंचित असलेल्या माणसाचे विशेषण अशा रीतीने सर्वोच्च पदावरील माणसाच्या खजिन्याला जाऊन चिकटले. एकदा राजा हेच राज्य झाले की सार्वजनिक ते क्षुल्लक आणि राजाच्या जवळचे ते थोर, असा हा उलटा न्याय.

युरोपच्या भाषांनी तो इमानाने नोंदविला आहे. स्पॅनिशमध्ये 'प्रिवादो' म्हणजे राजाचा मर्जीतला माणूस. तिसऱ्या फिलिपच्या काळात लेर्माचा ड्यूक असा प्रिवादो होता आणि प्रत्यक्षात राज्य तोच चालवीत होता. इंग्रजीत 'प्रिव्ही कौन्सिल' म्हणजे राजाच्या आतल्या गोटाचे सल्लागार मंडळ. १९४९ पर्यंत हिंदुस्थानातील दाव्यांचे शेवटचे अपील या मंडळाच्या न्यायसमितीपुढे जात असे, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव परिचयाचे होते. त्याच इंग्रजीत 'प्रिव्ही' हे शौचकूपाचेही जुने नाव आहे. दरबारातील खलबतखाना आणि परसातील ती खोली यांना एकच शब्द पुरला, कारण दोन्ही ठिकाणी दार आतून लावले जाते.

इतर भाषांतील छटा धावत्या दृष्टीने पाहिल्या तरी बोध होतो. फ्रेंच घरात मुलाने खोडी काढली तर त्याला जेवणानंतरच्या गोडापासून 'प्रिव्हे' केले जाते. वंचित करण्याचा मूळ अर्थ तेथे रोजच्या जेवणात आहे. त्याच मुळापासून आलेले फ्रेंच क्रियापद 'आप्रिव्हाझे' म्हणजे रानटी जनावर माणसाळविणे, त्याला घरातले करणे. इटालियनमध्ये 'प्रिव्हातिव्हा' म्हणजे एकाधिकार, आणि मीठ व तंबाखू यांवरील सरकारी मक्त्याला हाच शब्द लावला जात असे. खासगी या शब्दाच्या भावंडाने सरकारी मक्ता ओळखला जावा, यात विसंगती वाटेल. पण इतरांना बाहेर ठेवणे हाच अर्थ धरला तर विसंगती उरत नाही. इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणजे धनिकांची महागडी शाळा, हे तर प्रसिद्धच आहे. ईटनची शाळा सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी काढली होती. घरी शिक्षक ठेवून देण्याच्या शिक्षणाच्या तुलनेत ती 'पब्लिक'. पुढे गरीब मागे पडले आणि नाव तेवढे राहिले.

कुंपणाचे कायदे

या शब्दाचा अर्थशास्त्रातील प्रवेश शांतपणे झालेला नाही. इंग्लंडमधील खेड्यांत आपल्याकडच्या गायरानासारख्या सामाईक जमिनी होत्या. गावातला भूमिहीन माणूसही तेथे गाय चारी, सरपण गोळा करी. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने सुमारे ५,२०० कायदे करून ६८ लाख एकरांच्या आसपास जमिनीला कुंपणे घातली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यांपैकी बहुतेक कायदे 'प्रायव्हेट बिल' या स्वरूपात आले. गावातील मोठ्या जमीनदारांनी अर्ज करायचा, शुल्क भरायचे आणि त्या एका गावापुरता कायदा संसदेकडून मिळवायचा. ज्यांचा हक्क कागदावर होता त्यांना जमिनीचा तुकडा मिळे. कुंपणाचा खर्च न झेपल्याने लहान शेतकऱ्याला तो पुष्कळदा विकावा लागे. ज्यांचा हक्क केवळ वहिवाटीचा होता त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. एकट्यापुरता कायदा, सामाईकातून वजाबाकी आणि वंचना, हे मूळ शब्दाचे तीनही अर्थ या एका कृतीत एकत्र आले.

'प्रायव्हटायझेशन' हा शब्द मार्गारेट थॅचर यांच्या काळात जगभर पसरला, पण त्याचा जन्म त्याआधीचा आहे. बार्सेलोनाचे अर्थतज्ज्ञ जेर्मा बेल यांनी या शब्दाचा माग काढला आहे. १९३० च्या दशकात नाझी राजवटीने बँका, पोलाद, जहाजवाहतूक अशा उद्योगांतील सरकारी भाग खासगी हातांत दिले, आणि त्या धोरणाला जर्मनीत 'रेप्रिव्हाटिझीरुंग', म्हणजे पुन्हा खासगी करणे, असे म्हटले जात होते. तो शब्द त्या काळी इंग्रजी लिखाणातही उतरला. १९६९ मध्ये पीटर ड्रकर यांनी आपल्या पुस्तकात 'रीप्रायव्हटायझेशन' असाच शब्द वापरला. यावरून खासगीकरणाचा प्रत्येक पुरस्कर्ता फॅसिस्ट ठरत नाही. तसे म्हणणे बाष्कळपणाचे होईल. परंतु खासगी मालकी वाढली की स्वातंत्र्य आपोआप वाढते, हा जो सिद्धांत सांगितला जातो, त्याला या शब्दाच्या जन्मकथेतच उत्तर आहे.

१९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम, १९८६ मध्ये ब्रिटिश गॅस आणि १९८९ मध्ये इंग्लंड व वेल्समधील पाणीपुरवठा असा थॅचर सरकारचा क्रम होता. पाणी कंपन्या विकताना सरकारने त्यांच्यावरील सुमारे पाच अब्ज पौंडांचे कर्ज माफ करून त्यांची पाटी कोरी केली. आज त्याच व्यवसायावरील कर्ज साठ अब्ज पौंडांच्या वर गेले आहे, आणि लंडनला पाणी पुरविणारी कंपनी त्या ओझ्याखाली वाकली आहे. रशियात १९९२ मध्ये प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबल दर्शनी किमतीचे प्रमाणपत्र वाटून उद्योग लोकांच्या मालकीचे करण्याची घोषणा झाली. तीन वर्षांत तेल आणि निकेल यांच्या प्रचंड कंपन्या मूठभरांकडे गेल्या. रशियन माणसाने 'प्रिवातिझात्सिया' या परक्या शब्दात एका 'ख'ची भर घालून 'प्रिख्वातिझात्सिया' असा शब्द केला. 'प्रिख्वातित्' म्हणजे लाटणे, बळकावणे. लॅटिनचा गंधही नसलेल्या लोकांनी मूळ लॅटिन अर्थ अनुभवातून शोधून काढला.

ही वाट एकमार्गी नाही, हेही सांगितले पाहिजे. पॅरिस शहराने १९८५ पासून खासगी कंपन्यांकडे असलेला पाणीपुरवठा २०१० मध्ये आपल्या हाती परत घेतला. बर्लिनने १९९९ मध्ये पाणी कंपनीचा जवळजवळ अर्धा हिस्सा विकला होता आणि त्याचे करार गुप्त ठेवले होते. २०११ मध्ये नागरिकांनी सार्वमत घेऊन ते करार उघड करण्यास भाग पाडले आणि २०१३ पर्यंत सर्व हिस्सा शहराकडे परत आला.

आपला 'खासगी'

युरोपचा हा शब्द मराठीत आणताना आपण जो प्रतिशब्द योजला त्याचे कूळ मात्र वेगळे आहे. 'खास' हा अरबी शब्द. त्याच्या विरुद्ध 'आम'. दिवाण-ए-खास आणि दिवाण-ए-आम ही जोडी सर्वांना माहीत आहे. लॅटिन शब्दाने उणीव सांगितली, अरबी शब्दाने वैशिष्ट्य. 'प्रायव्हेट'चे भाषांतर 'खासगी' असे झाले आणि वजाबाकीची खूण पुसली जाऊन तिच्या जागी प्रतिष्ठा आली. आम ते हलके आणि खास ते उंची, हा संस्कार शब्दाबरोबर फुकट मिळाला.

पण मराठी इतिहासात 'खासगी'चा एक उदात्त उपयोगही आहे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यापासून चालत आलेली ही खासगीची मिळकत अहिल्याबाईंच्या हाती आली, आणि त्यांनी तिच्यातून देशभर घाट, धर्मशाळा, विहिरी बांधल्या. खासगीतून सार्वजनिकात अशी ही उलटी गंगा. त्या मिळकतीच्या न्यासाच्या नावात आजही 'खासगी' हा शब्द आहे. आणि या न्यासाला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. नाव काहीही असो, जे सर्वांसाठी वाहिले ते सार्वजनिक, हा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे.

याच्या नेमकी उलट कथा महाडची. चवदार तळे सर्व नागरिकांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाज तळ्यावर गेला आणि पाणी प्याला. त्यानंतर सवर्णांपैकी काहींनी डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयात दावा लावला. त्या दाव्यातील मुख्य म्हणणे काय होते? हे तळे सार्वजनिक नसून स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे. ज्या तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नव्हता, ते एका समाजाने ओंजळ भरताच खासगी झाले. मालकीचा दावा टिकला नाही. उरला तो जुन्या रिवाजाचा मुद्दा. तोही १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला. ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्याने सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली.

'प्रीवारे' या क्रियापदाचा अर्थ समजावून देण्यासाठी महाडपेक्षा बोलके उदाहरण युरोपच्या इतिहासातही सहज मिळणार नाही. जातिव्यवस्था म्हणजे सामाईकातून माणसे वजा करण्याची जुनी पद्धत. तिला जेव्हा आधुनिक न्यायालयात उभे राहावे लागले तेव्हा तिने धर्माच्या जोडीला 'खासगी मालकी' ही भाषा उचलली. मक्तेदार आणि सनातनी या दोघांना एकच शब्द उपयोगी पडावा, हा योगायोग मानता येणार नाही.

माणसाचा एकांत

इथवरचे विवेचन वाचून 'खासगी' म्हणून जे जे आहे ते त्याज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. हॅना आरेन्ट यांनी १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात 'प्रायव्हेट' या शब्दातील वंचनेचा अर्थ ठळकपणे मांडला. पण त्याच ग्रंथात त्यांनी हेही सांगितले की जगाच्या नजरेपासून दूर, स्वतःच्या चार भिंतींचा आडोसा माणसाला लागतोच. ज्या राजवटींनी समाजवादाच्या नावाखाली तो आडोसा मोडला, शेजाऱ्याला शेजाऱ्यावर पाळत ठेवायला लावली, त्यांनी सार्वजनिक जीवन समृद्ध केले नाही. भीती तेवढी सार्वजनिक केली. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची दप्तरे त्याची साक्ष देतात. आपल्याकडेही १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत घरात बोलतानाही आवाज खाली आला होता, याची आठवण समाजवाद्यांना करून देण्याची गरज नाही.

तेव्हा शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याचे पत्र, त्याची श्रद्धा हा त्याचा एकांत. तो राखल्याने दुसऱ्या कोणाचे काही उणे होत नाही. पाणी, जंगल, वीज, ज्ञान, रस्ता यांची खासगी मालकी ही वेगळी बाब. तिथे कुंपण पडले की कोणीतरी बाहेर राहतेच. आजच्या व्यवस्थेने या दोहोंची अदलाबदल करून ठेवली आहे. बर्लिनच्या पाण्याचा करार गुप्त राहतो. आणि भारतीय नागरिकाच्या बोटांचे ठसे घेतले जात असताना त्याला खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही, असे २०१५ मध्ये केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगते. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये तो हक्क मान्य केला ही समाधानाची गोष्ट. एकांत माणसाला हवा आणि उघडेपणा भांडवलाच्या व्यवहाराला हवा. प्रत्यक्षात कंपनीला माणसाचा एकांत मिळाला आणि माणसाच्या वाट्याला कंपनीच्या हिशेबवहीसारखे उघडे जिणे आले.

दुसऱ्या बाबीचा निवाडा कसा करावा, याचे दिशादर्शन ५ नोव्हेंबर २०२४ च्या एका निकालात आहे. मुंबईतील जुन्या इमारतींच्या मालकांनी म्हाडा कायद्याविरुद्ध लढविलेल्या त्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठातील बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' होत नाही. डाव्या वर्तुळात या वाक्याने निराशा पसरली, आणि ते स्वाभाविक होते. १९७७ पासून न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी मांडलेला व्यापक अर्थ तेथे संकोचला. परंतु त्याच निकालाने दार पुरते बंद केलेले नाही. त्या साधनाचे स्वरूप काय, समाजाच्या हितावर त्याचा परिणाम काय, ते किती दुर्मीळ आहे आणि ते मोजक्या हातांत एकवटल्याने काय होते, हे पाहून काही खासगी साधने समाजाची मानता येतील, असे न्यायालयाने म्हटले आहे. हे प्रश्न कार्यकर्त्यांनी पाठ करावेत. लॅटिन क्रियापद जे विचारते तेच ते वेगळ्या भाषेत विचारतात: कोणाला, कशापासून तोडले जात आहे?

नगरपालिकेची शाळा चालवायला देण्याचा, रुग्णालय भागीदारीत काढण्याचा, गायरान प्रकल्पाला देण्याचा ठराव उद्या कोणत्याही गावात येईल. त्या सभेत विकासाचे आकडे मांडले जातील, आणि आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल. पण त्याआधी एक हिशेब मागितला पाहिजे. बेरीज कितीही मोठी दाखवोत, वजाबाकीच्या रकान्यात कोणाची नावे आहेत ती वाचून दाखवा, असे सांगितले पाहिजे. सामाईक गोष्टीतून जो काही बाहेर काढू पाहतो, सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर असते. जो ती सर्वांसाठी राखू पाहतो त्याच्यावर नव्हे. महाडला ते ओझे तहानलेल्यांवर टाकण्याचा प्रयत्न झाला होता. तो पुन्हा होऊ न देणे हे काम आहे.